प्रमाणपत्र कशाचे आणि भंगार कुठे?

‘आयएसओ १४००१ मिळाले, म्हणजे कारखाना प्रदूषण करत नाही’ असे विधान केले जाते; त्यात भर घालणे मला आवश्यक वाटते. १९९६ साली प्रथम प्रसिद्ध झालेले आणि २०१५ मध्ये मोठ्या प्रमाणावर सुधारलेले हे पर्यावरण व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक प्रदूषणाची कोणतीही मर्यादा ठरवत नाही. आपल्या कामाचे पर्यावरणावर होणारे परिणाम कंपनीने स्वतः ओळखावेत, लागू कायदे पाळावेत आणि सतत सुधारणा करावी, एवढीच त्याची अपेक्षा आहे. प्रमाणपत्रही आयएसओ, म्हणजे हे मानक ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना, देत नाही, स्वतंत्र संस्था देतात.

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या यंत्रशाळांमध्ये खरी कसोटी लागते ती भंगाराच्या ढिगापाशी. लेथवरून (धातू कातण्याच्या यंत्रावरून) निघालेला धातूचा कीस कूलंट, म्हणजे कातताना थंडावा देणारे द्रव, आणि तेल यांनी माखलेला असतो. तो उघड्यावर पडला, की पहिल्याच पावसात ते तेल गटारात आणि तिथून पवना-इंद्रायणी नद्यांत जाते. तोच कीस छपराखाली, निथळणारे तेल गोळा होईल अशा पक्क्या जमिनीवर ठेवला आणि पोलाद, ॲल्युमिनियम, पितळ वेगवेगळे केले, तर भावही चांगला मिळतो. भंगारातून ॲल्युमिनियम बनवण्यास खनिजापासून बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते, हे लक्षात घेता ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

२०१५ च्या आवृत्तीत वस्तूच्या संपूर्ण जीवनचक्राचा विचार अपेक्षित असल्यामुळे, भंगार फाटकाबाहेर गेले की जबाबदारी संपली, असे मानता येत नाही. म्हणून प्रमाणपत्रासाठी कारखाना तपासणाऱ्या लेखापरीक्षकाने भंगार घेणाऱ्याकडील प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्रही आवर्जून मागावे.