मदत हवी आहे : रेंजर सोडून दुसरा क्लास घेऊ का? शनिवारच्या आत सांगा प्लीज

वारजेकर_ओम
नमस्कार मंडळी, जरा पटकन सांगा कारण शनिवारी रात्री आम्ही सगळे परत बसणार आहोत. ऑनलाइन गेममधला माझा रेंजर (धनुष्यबाणवाला क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार) लेव्हल ३४ ला आलाय, बाहेर एकटा फिरताना काहीच प्रॉब्लेम नाही, लांबून बाण मारायचे, सोबतचं पाळीव अस्वल पुढे जाऊन मार खातं, काम होतं. पण डन्जनमध्ये (पार्टीने मिळून खेळायचं भुयार) गेलो की पार वाट लागते, मी आडवा होतो, मग बाकीचे मला उठवायला येतात आणि तेही आडवे होतात. आत्येभाऊ सरळ म्हणाला तुझा क्लासच बेकार आहे, बदल. आता कुठला घेऊ? हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात, जेवण झाल्यावर जेमतेम दीडेक तास मिळतो, त्यात परत पहिल्या लेव्हलपासून चढवायचं म्हणजे एकदाच काय ते नीट ठरवायला हवं. आणि अ‍ॅबिलिटीज (पात्राची कौशल्यं) कुठल्या घ्यायच्या तेही सांगा, पॉइंट्स तसेच पडून आहेत.

मुळशीकर
गेम कुठला?

क्रिस्टलवेडा
फायनल फँटसी १४ असेल तर काळजीच सोड. तिथे एकाच कॅरेक्टरवर सगळे क्लास चढवता येतात, हातातलं शस्त्र बदललं की क्लास बदलला. तू आर्चर असशील, तो लेव्हल ३० ला बार्ड होतो. सोबत ग्लॅडिएटर पण चढव, त्याचा पुढे पॅलाडिन होतो. टँकला (पुढे राहून मार खाणाऱ्याला) डन्जनच्या रांगेत जवळपास थांबावंच लागत नाही, डॅमेजवाले बिचारे वाट बघत बसतात. फ्री ट्रायलमध्ये लेव्हल ७० पर्यंत खेळता येतं.

वारजेकर_ओम
अहो गिल्ड वॉर्स २. रेंजर आणि अस्वल म्हटलं ना वर.

मुळशीकर
रेंजर आणि अस्वल बऱ्याच गेममध्ये आहेत. आता हे सांग : डन्जन कुठलं, नेमके कुठे मरता, सोबत कोणाचे कुठले क्लास, तुझं दुसरं शस्त्र काय, चिलखत किती लेव्हलचं, अकाउंट फ्री आहे का एक्स्पान्शन (गेमचा विकतचा पुढचा भाग) घेतलंय, आणि सगळे एकाच रीजनला आहात ना? इतकं कळल्याशिवाय कोणी क्लास सुचवला तर तो अंदाजच.

वारजेकर_ओम
अस्कलोनियन कॅटाकोम्ब्स, स्टोरी मोड. ती दोन भुतं आहेत ना नवराबायको टाइप, तिथेच मरतो. आत्येभाऊ एलिमेंटलिस्ट, एक मित्र थीफ, रूममेट नेक्रो. फ्री अकाउंट, सगळे युरोपवर. पण या सगळ्याचा काय संबंध, मला फक्त क्लास सांगा ना.

क्रिस्टलवेडा
संबंध हाच की तुमच्यात टँक नाही, हीलर नाही, चौघेही डॅमेजवाले. कुठल्याही गेममध्ये असंच होणार. एकाने मार खायचा, एकाने बरं करायचं, बाकीच्यांनी मारायचं, हे जमल्याशिवाय डन्जनला जाऊच नये. तू टँक घे, विषय संपला.

चित्राक्षी
गिल्ड वॉर्स २ मध्ये असं नसतं हो. २०१२ साली गेम आला तेव्हापासून त्यांची भूमिकाच ही होती की हीलरची वाट बघत बसायला लागू नये. म्हणून ६ नंबरच्या बटणावर प्रत्येक क्लासला स्वतःचा हील आहे, पडलेल्याला कोणीही उठवू शकतं, आणि शत्रूला कायम आपल्याकडे ओढून धरणारा क्लास या डन्जनमध्ये नाहीच. तरीही माझं मत गार्डियन घे. एजिस आला की पुढचा एक फटका पूर्ण अडतो, आणि तो सगळ्या पार्टीला देता येतो, F3 दाबलं की झालं. तुमच्या चौघांत दुसऱ्याला वाचवणारं कोणी नाहीये, ती जागा रिकामी आहे. मी पहिल्यापासून गार्डियनच खेळते आणि अनोळखी लोकांच्या पार्टीत सुद्धा मला कोणी नको म्हटलेलं नाही.

मुळशीकर
चित्राक्षीताई, गार्डियन चांगलाच आहे, पण नवख्याला सांगताना पूर्ण सांगा. चिलखत जड असलं तरी त्याचं मूळ हेल्थ थीफ आणि एलिमेंटलिस्टच्याच गटातलं, म्हणजे सगळ्यात कमी. जास्त हेल्थ वॉरियर आणि नेक्रोला. याला ब्लॉक कधी वापरायचा हे कळत नसेल तर गार्डियन घेऊनही हा तिथेच पडेल, आणि वर चौतीस लेव्हल वाया.

चित्राक्षी
वाया कशा? फ्री अकाउंटला दोन कॅरेक्टर स्लॉट असतात, रेंजर तसाच ठेवून गार्डियन सुरू करता येतो. मी कुठे डिलीट कर म्हटलं?

क्रिस्टलवेडा
पण रेडमध्ये (मोठ्या गटाच्या अवघड लढाईत) तर गिल्ड वॉर्समध्येही हीलर लागतो ना? आणि काही बॉस (मोठे शत्रू) ज्याची टफनेस (मार सोसायची ताकद) जास्त त्याच्याच मागे लागतात. म्हणजे टँक आहेच की.

मुळशीकर
रेड २०१५ च्या एक्स्पान्शनसोबत आली, दहा जणांची, लेव्हल ८० ची. तिथे तुझं बरोबर आहे. हा लेव्हल ३० च्या डन्जनात अडकलाय, त्याला रेडचं गणित सांगून काय उपयोग.

तापकीर_गल्ली
ओम, तू माउस कुठला वापरतोस? साइडला दोन बटणं असलेला माउस घे, एकावर डॉज (फटका चुकवायची उडी) लाव. मी बुधवार पेठेत तापकीर गल्लीतून घेतला, घासाघीस करायला लागते पण तिथे हातात धरून बघता येतो, ऑनलाइन घेतलेला माझ्या हाताला मोठा निघाला होता. कीबोर्डपण मेकॅनिकल घेतलास तर उत्तम. ब्राउन स्विच बघ, रात्री घरचे उठत नाहीत.

वारजेकर_ओम
माउस ठीक आहे माझा. क्लास सांगा.

निद्रानाश
पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) किती येतो ते बघितलंस का? माझ्याकडे रात्री दहानंतर वायफायवर इतकं अडकायचं की डॉज दाबला तरी फटका बसायचाच, मला वाटायचं मीच हळू आहे. राउटरपासून सरळ केबल ओढली आणि फरक पडला. इंटरनेटवाल्याने मात्र तीन वेळा माणूस पाठवतो म्हणून पाठवला नाही. आणि गुरुवारी बसू नका, आमच्या भागात गुरुवारी लाइट जाते आणि कधी संध्याकाळपर्यंत येत नाही.

पाषाणची_आई
मध्येच विचारते, क्षमस्व. माझा मुलगा आठवीत आहे, त्याला हा गेम हवाय. खरंच फुकट आहे का, की नंतर कार्ड मागतात? आणि अनोळखी लोक बोलतात का त्यात?

चित्राक्षी
ताई, मूळ गेम फुकट आहे, महिन्याची फी कोणालाच नाही, पैसे भरलेल्यांनाही नाही. एक्स्पान्शन हवं असेल तर ते एकदाच विकत घ्यायचं. आत जेम नावाचं दुकान आहे, कपडे वगैरे, तिथे कार्ड जोडूच नका. लोक चॅटमध्ये बोलतात, पण चॅटचा टॅब बंद करता येतो आणि एखाद्याला ब्लॉकही करता येतं. पहिले काही दिवस शेजारी बसून बघा, तुम्हालाही आवडेल.

जुना_शिलेदार
सगळं वाचलं. ओम, मी रेंजर बरीच वर्षं खेळतोय आणि त्याला बेकार म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो. क्लास बदलू नकोस. तुला जे शिकायचंय ते कुठल्याही क्लासला शिकावंच लागणार आहे.

पहिलं त्या दोन भुतांचं. ती जवळ जवळ उभी राहिली की त्यांची ताकद वाढते, तुम्ही चौघे एकावर तुटून पडता, दुसरं चालत त्याच्याजवळ येतं आणि तिथे तुमचा कार्यक्रम होतो. त्यांना लांब ठेवायचं. दोघांनी एकाला खोलीच्या या टोकाला न्यायचं, दोघांनी दुसऱ्याला त्या टोकाला, आणि मध्ये कोणी भटकायचं नाही. हे केलं नाही तर तुमच्यात गार्डियन असो नाहीतर वॉरियर, तेच होणार.

दुसरं लाँगबो, म्हणजे तुझं लांब धनुष्य. ४ नंबरचा बाण शत्रूला मागे उडवतो. एकटा असताना ते सोन्यासारखं आहे, पण पार्टीत बाकीच्यांनी गोळा केलेले शत्रू तू उडवून लावलेस की एलिमेंटलिस्टची जमिनीवर टाकलेली आग मोकळ्या फरशीवर जळत राहते. आत्येभाऊ वैतागला असेल तर बहुतेक याच्यामुळे. साध्या घोळक्यात ४ दाबू नकोस. पण बॉसच्या हेल्थखाली निळी पट्टी दिसली की बिनधास्त दाब, ती पट्टी अशाच स्किलने तुटते आणि तुटली की बॉस काही सेकंद नुसता उभा राहतो.

तिसरं, दुसऱ्या शस्त्राच्या जागी ग्रेटस्वोर्ड (दोन हातांनी धरायची मोठी तलवार) ठेव. त्यात ४ नंबर ब्लॉक आहे, शत्रू अंगावर आला की शस्त्र बदल आणि ब्लॉक धर. रेंजरने लांबच उभं राहायचं हे डोक्यातून काढून टाक, पार्टीचे सगळे फायदे जवळ उभं राहणाऱ्यांना मिळतात, आणि तू लांब कोपऱ्यात पडलास की उठवायला येणाऱ्यालाही लांब यावं लागतं. तुमच्याकडे एक पडला की सगळे पडतात ते त्यामुळेच.

अस्वल बाहेर ठीक आहे, ते मार खातं पण मारत फार नाही. दोन प्राणी सोबत ठेवता येतात, एक अस्वल राहू दे, दुसरं बिबट्या किंवा जॅग्वार घे, आणि प्राणी मरायला टेकला की मरायच्या आत बदल.

डॉज : पट्टीत दोन डॉज मावतात, एक भरायला १० सेकंद लागतात. खूप जण लढाई सुरू होताच दोन्ही उधळतात आणि मोठा फटका येतो तेव्हा हातात काही नसतं. बॉसचा हात वर गेला, जमिनीवर लाल वर्तुळ आलं, तेव्हाच दाबायचा.

वारजेकर_ओम
हे भारी आहे, धन्यवाद शिलेदार. ४ नंबर मी सारखाच दाबत होतो, लांब जातात म्हणून बरं वाटायचं. आता पॉइंट्स कुठे टाकू? चुकीच्या ठिकाणी टाकले तर परत मिळतात का?

मुळशीकर
चिलखताचं उत्तर अजून नाही दिलंस.

वारजेकर_ओम
१८ ते २० च्या मधलं काहीतरी. चांगलं दिसतं म्हणून ठेवलंय.

मुळशीकर
मग अर्धं उत्तर तिथेच आहे. लेव्हल ३४ ला २० चं चिलखत म्हणजे प्रत्येक फटका जास्त लागणार. नकाशावर हार्ट (हृदयाचं चिन्ह असलेलं काम) पूर्ण केलं की ते काम देणारा माणूस कर्मा (खेळून मिळणारं चलन) घेऊन त्या लेव्हलच्या वस्तू विकतो, तुझ्याकडे कर्मा पडून असणार. फ्री अकाउंटला ट्रेडिंग पोस्टवर (खेळाडूंच्या बाजारात) मर्यादा आहेत म्हणून कर्माच बरा. चिलखतावर पॉवर (मारायची ताकद) हवीच, सोबत थोडी व्हायटॅलिटी (हेल्थ वाढवणारी) बघ. पुढे ८० ला गेल्यावर सगळे बर्सर्कर (फक्त मारण्यावर भर देणारं चिलखत) घे म्हणतील, ते तेव्हा बघू.

चित्राक्षी
व्हायटॅलिटीची सवय लावू नका हो नवीन माणसाला. पॉवर आणि प्रिसिजन (जोरदार फटका बसायची शक्यता) घेऊन डॉज शिकला तर लवकर शिकतो, शत्रू जितका लवकर मरेल तितके फटके कमी.

मुळशीकर
शिकेपर्यंत चौघांची रात्र जाते त्याचं काय? खेळात मजाच नाही आली तर माणूस सोडून देतो, मी दोन मित्र असे गमावलेत.

जुना_शिलेदार
दोघंही बरोबर आहात, पण शनिवारपुरतं मुळशीकरांचं ऐक.

पॉइंट्सचं : टाकलेला पॉइंट परत येत नाही, पण वायाही जात नाही. ८० पर्यंतचे लेव्हल आणि नकाशावरची हिरो चॅलेंज (जादा पॉइंट देणारी ठिकाणं) मिळून मूळ क्लासचं सगळंच उघडतं. आणि उघडलेल्यातलं काय वापरायचं ते लढाई चालू नसताना कधीही बदल, फुकट. स्पेशलायझेशनची (कायम लागू राहणाऱ्या गुणांची) पहिली ओळ २१ ला, दुसरी ४५ ला, तिसरी ७१ ला मिळते, म्हणजे तुझ्याकडे आत्ता एकच आहे. ती वाइल्डरनेस सर्व्हायव्हल घे, डॉजची पट्टी लवकर भरते. स्किल्समध्ये लाइटनिंग रिफ्लेक्सेस आणि सिग्नेट ऑफ स्टोन, दोन्ही जीव वाचवतात. सर्च अँड रेस्क्यू पण बघून ठेव, प्राणी जाऊन पडलेल्याला उठवतो आणि तू लढत राहतोस, तुमच्या पार्टीला याचीच गरज आहे.

आणि दुसरा क्लास चाखून बघायचाच असेल तर त्यासाठी लेव्हल चढवू नकोस. रिकाम्या स्लॉटमध्ये नवीन कॅरेक्टर कर, ट्युटोरिअल संपव, वर दोन तलवारींचं चिन्ह आहे तिथून पीव्हीपीच्या (खेळाडू विरुद्ध खेळाडू) लॉबीत जा. तिथे कोणालाही लेव्हल ८० धरतात, मूळ क्लासची सगळी स्किल्स उघडी असतात, पुतळ्यांवर मारून बघता येतं. नाही आवडला तर डिलीट करून पुढचा.

क्रिस्टलवेडा
हे मला माहीतच नव्हतं, चांगली सोय आहे. तरीपण ओम, एकदा फायनल फँटसी करून बघच.

वारजेकर_ओम
ठरलं. रेंजरच ठेवतो, आज रात्री चिलखत बदलतो आणि ग्रेटस्वोर्ड शोधतो. गार्डियन लॉबीत करून बघेन चित्राक्षीताई, रूममेटला आवडला तर तो घेईल, त्याचा नेक्रो आत्ताशी बत्तीसचाच आहे. अजून एक, पार्टी पाच जणांची असते, आमचा पाचवा कोणीच नाही. चौघांत होईल का?

जुना_शिलेदार
होईल, पण वेळ लागेल. मी येतो. माझं कॅरेक्टर ८० चं आहे तरी आत गेल्यावर गेम मला तुमच्याच लेव्हलला खाली आणतो, त्यामुळे मी एकटाच सगळं मारून टाकतोय असं होणार नाही. मी एक भूत एका टोकाला धरून ठेवतो, दुसऱ्याचं तुम्ही चौघं बघा. किती वाजता?

वारजेकर_ओम
साडेदहा? आत्येभाऊ साडेदहाच्या आधी ऑनलाइन येत नाही. पण तो स्टीमवरून (गेमच्या ऑनलाइन दुकानातून) खेळतो आणि आम्ही बाकी गेमच्या साइटवरून, चालेल ना?

जुना_शिलेदार
चालतं, अकाउंट वेगळं असलं तरी सर्व्हर तेच. इथे मेसेजमध्ये तुझं अकाउंटचं नाव आणि मागचे चार आकडे पाठव, धाग्यावर टाकू नकोस. मी रिक्वेस्ट टाकतो.