बॅबिलॉन ५: जुनी दृश्ये चित्रपटात चालतील का?
बॅबिलॉन ५ या अंतराळात घडणाऱ्या अमेरिकी टीव्ही मालिकेवर नवा चित्रपट काढायचा तर 'यानांची दृश्ये तयारच आहेत, तीच वापरली की चित्रपट स्वस्तात होईल' असं म्हटलं जातं, ते पटत नाही. बॅबिलॉन ५ (१९९४-९८) मधले कलाकारांचे प्रसंग सुपर ३५ या सिनेमाच्या फिल्मवर, रुंद चौकट डोळ्यांसमोर ठेवून चित्रित झाले. संगणकीय दृश्ये मात्र जुन्या टीव्हीच्या ४:३ या कमी रुंद चौकटीत, तेव्हाच्या टीव्हीपुरत्या रिझोल्यूशनला रेंडर केलेली (संगणकाने चित्रात उतरवलेली). कलाकार आणि यान एकत्र दिसतात ते शॉटही व्हिडिओवरच जोडलेले. डीव्हीडीसाठी ते वरखाली कापून मोठे केले आणि चित्र धुरकट झालं. २०२१च्या आवृत्तीत फिल्म नव्याने स्कॅन झाली, तरी ही दृश्ये नुसती अपस्केल करावी (संगणकाने ताणून मोठी करावी) लागली. मोठ्या पडद्यासाठी प्रत्येक यान नव्यानेच उभारावं लागेल.

शिवाय आंद्रेआस कात्सुलास (जी'कार) २००६ मध्ये गेले, मिरा फर्लान (डेलेन) २०२१ मध्ये. त्या भूमिकांत दुसरे चेहरे मला तरी बघवणार नाहीत. त्यापेक्षा २०२३ मध्ये या मालिकेवर आला तसा ॲनिमेशनपटच बरा.