मदत हवी आहे: घाटात इंजिन तापतंय, हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडायचं का?

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १० हजार किमी झालेत. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावर स्थिर असतो. परवा चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात, एसी चालू असताना, काटा थेट लालपर्यंत गेला. मागे आई-बाबा बसलेले, त्यामुळे फार घाबरलो. एसी बंद, हीटर फुल्ल करून गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद करून पाऊण तास थांबलो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं नाही.

थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) नवीन आहे, पंखा चालतो. पण कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) महिन्याला साधारण अर्धा लिटर कमी होतंय आणि गाडीखाली थेंबही दिसत नाही. कूलंट इंजिनात शिरत असल्याची खूणही दिसत नाही: ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ नाही. पांढरा धूरही नाही.

मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल. एवढा मोठा खर्च करण्याआधी रेडिएटरचं झाकण आणि कूलिंगची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) करून घ्यावी का? की रेडिएटर आतून चोंदला असेल, वॉटर पंप गेला असेल? असा अनुभव कुणाला आलाय का? गणपतीला याच घाटातून गावी जायचंय, तोवर गाडी चालवणं सुरक्षित आहे का, तेही कृपया सांगा.