दावाओच्या कादायावान सणाला कुटुंबासह जाण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

तापीकाठ (रावेर तालुका)

नमस्कार मंडळी. आमची मुलगी फिलिपिन्सच्या मिंदानाओ बेटावरील दावाओ शहरात वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेली दोन वर्षे ऑगस्टमध्ये तिचा फोन आला की मागे काशाच्या थाळ्या वाजाव्यात तसा आवाज ऐकू येतो आणि ती म्हणते, "पप्पा, यंदा तरी या, हा सण तुमच्यासारख्या बागायतदाराने पाहायलाच हवा." सणाचे नाव कादायावान असून पीक हाती आल्याबद्दल कृतज्ञता म्हणून तेथील लोक रस्त्यावर नृत्य करतात, एवढेच मला तिच्याकडून समजले आहे. यंदा केळीला बरा भाव मिळाल्यामुळे मी, पत्नी आणि 68 वर्षांची माझी आई असे तिघांनी जावे, असा विचार चालू आहे.

आई श्रावण कडक पाळते आणि कांदा-लसूणही खात नाही, त्यामुळे तिच्या जेवणाची काळजी वाटते. दुसरे असे की, आपल्याकडे खानदेशात श्रावणात घरोघरी बसवतात त्या कानबाई देवीच्या विसर्जनाला परका माणूस रस्त्याने जात असला तरी त्याला हाताला धरून नाचायला घेतात. तेथे तसे चालते, की पाहुण्याने बाजूला उभे राहून पाहावे? त्याच आठवड्यात घरी कानबाई आल्या तर रोटांचे, म्हणजे तिच्या गव्हाच्या नैवेद्याचे, काय करायचे, हा पेच वेगळाच आहे. ज्यांनी हा सण प्रत्यक्ष पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. जमल्यास तेथील केळीच्या बागाही पाहण्याची इच्छा आहे.

भुसावळची आई

दादा, माझा मुलगा त्याच शहरात शिकत होता आणि त्याच्या शेवटच्या वर्षी आम्ही दोघे सणासाठी गेलो होतो, म्हणून अनुभवाने लिहिते. सण साधारणपणे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास असतो आणि नेमक्या तारखा शहर प्रशासन दरवर्षी जाहीर करते, तेव्हा त्या कळल्याशिवाय तिकिटे काढू नका. शेवटचा शनिवार आणि रविवार हे दोन दिवस चुकवू नयेत. आम्ही गेलो त्या वर्षी शनिवारी रस्त्यावरील नृत्यस्पर्धा होती, तिला 'इंदाक-इंदाक सा कादालानान' म्हणतात. रविवारी फुलांनी सजवलेल्या रथांची 'पामुलाक' मिरवणूक निघाली. जुन्या शहरातील सॅन पेद्रो चर्चच्या परिसरात सकाळी सातच्या आत पोहोचलात तर सावलीची जागा मिळते, उशीर झाला तर माणसांच्या पाठीच दिसतात. आईंसाठी घडीची लहान खुर्ची, छत्री आणि पाणी न्या; मोठी पिशवी मात्र खोलीवरच ठेवा, कारण गर्दीच्या ठिकाणी तपासणी काटेकोर असते. त्या शहरात फटाक्यांना आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला 2002 पासून बंदी आहे. इतक्या मोठ्या गर्दीत धूर नसणे वयस्कर माणसाला किती सुखाचे असते, हे मला तेथेच कळले.

जेवणाबद्दल मोकळेपणाने सांगते. उपाहारगृहातील भाजीतही बहुधा मासळीचा खार किंवा मासळीचे पाणी घातलेले असते, आणि आपण शाकाहारी आहोत एवढे सांगून भागत नाही. 'वालाय कार्ने, वालाय इस्दा', म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे शब्द पाठ करा आणि कोंबडीचे वेगळे सांगा. आम्ही लहान कुकर आणि मुगाची डाळ सोबत नेली होती. तांदूळ तेथे कोठेही मिळतो. आईंना उपवास असला तर उलट सोयच आहे, कारण ऑगस्ट हा तेथे फळांचा हंगाम असतो. पपनसासारखे पोमेलो, आपल्या कोकमाच्या कुळातील मँगोस्टीन, रांबुतान आणि फणसाच्या कुळातील मारांग यांचे ढीग रस्त्याच्या कडेला लागलेले असतात. सकाळच्या न्याहारीला आले आणि नारळाचे दूध घालून शिजवलेला चिकट भात मिळतो, त्याला 'पुतो माया' म्हणतात. तो उपवास सोडताना चालेल. साबा जातीची केळी साखरेत घोळून तळतात आणि काडीला खोवून विकतात, ती माझ्या यजमानांना फार आवडली. दुरियान मात्र उघड्यावरच खा. त्याचा वास इतका उग्र असतो की हॉटेलात तो नेऊ देत नाहीत. काट्यांमुळे आपल्याला तो फणस वाटतो, पण त्याचे कूळ कपाशीचे आहे, हे ऐकून आमच्याकडच्या कापूस उत्पादकांना गंमत वाटली होती.

जून 2025 पासून भारतीय पर्यटकांना 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. परंतु ही मुदत वाढवून मिळत नाही. पारपत्र किमान सहा महिने वैध असावे लागते आणि परतीचे तिकीट, राहण्याची सोय व पुरेसे पैसे यांचा पुरावा दाखवावा लागतो. तेथे पोहोचण्यापूर्वीच्या 72 तासांत ई-ट्रॅव्हल ही प्रवेशासाठीची ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती मुलीकडून करून घ्या. नियम बदलतात, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी दूतावासाचे संकेतस्थळ एकदा पाहाच.

सातपुडा (शहादा)

नाचण्याच्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'मादायाव' या शब्दापासून कादायावान हे नाव आले; चांगले, सुंदर, मोलाचे असे त्या शब्दाचे अर्थ आहेत आणि तेथे तो अभिवादनासाठीही वापरतात. सणाचे आजचे स्वरूप फार जुने नाही. 1986 मध्ये शहराने 'अपो दुवालिंग' या नावाने उत्सव सुरू केला. अपो पर्वत, दुरियान आणि वालिंग-वालिंग नावाचे ऑर्किड यांच्या नावांचे तुकडे जोडून ते नाव झाले होते. 1988 मध्ये कादायावान हे नाव रूढ झाले. त्यामागची भावना मात्र फार जुनी आहे, कारण अपो पर्वताच्या परिसरातील आदिवासी समाज पीक घरात आले की निसर्गाचे आणि दैवतांचे आभार मानत आले आहेत. आज शहर अकरा समुदायांना या सणाचे मानकरी मानते. बागोबो-तागाबावा, क्लाटा, ओबु-मानुवो, अटा आणि मातिगसालुग हे आदिवासी समाज, तर ताउसुग, मारानाओ, मागिंदानाओन, इरानुन, कागान आणि सामा हे मुस्लिम समाज त्यांत येतात.

आपली मुलगी ज्याला काशाच्या थाळ्यांचा आवाज म्हणते तो 'आगुंग' या मोठ्या टांगत्या घंटेचा किंवा ओळीने मांडलेल्या 'कुलिंतांग'चा असावा. शनिवारच्या स्पर्धेत नाचणाऱ्यांमध्ये विद्यार्थी पुष्कळ असतात. अनेक आठवडे सराव करून ते ठरलेल्या रचनेत पुढे सरकत असतात. त्या रांगेत आपण शिरणे योग्य नव्हे. याउलट मॅगसायसाय उद्यानात अकरा समुदायांची पारंपरिक घरे उभारली जातात, तेथे सावकाश जावे, बसावे, बोलावे. कोणी हाताला धरून नाचायला बोलावले तर आईंनीही अवश्य दोन पावले टाकावीत. आमच्या सातपुड्यातील काठी गावच्या राजवाडी होळीला बाहेरून आलेली मंडळी बुध्या झालेल्या, म्हणजे नवसाचा वेश घेतलेल्या, माणसाच्या मोरपिसांच्या टोपाला विचारल्याशिवाय हात लावतात आणि तोंडासमोर कॅमेरा धरतात, तेव्हा त्याला काय वाटते हे मी शेजारी उभा राहून पाहिले आहे. तो माणूस नवस फेडत असतो. म्हणून छायाचित्रापूर्वी परवानगी घ्यावी आणि तेथील पोशाख नुसता फोटोसाठी अंगावर घालू नये. वहिनींनी आणि आईंनी आपले लुगडेच नेसावे. पाहुणा आपल्या वेशात आला की यजमानालाही त्याच्याशी बोलायला विषय मिळतो.

आणखी एक सांगतो. बागोबोंचे 'इनाबाल' हे हातमागाचे वस्त्र अबाकाच्या तंतूंचे असते आणि अबाका ही केळीचीच बहीण आहे. या विणकामासाठी सालिंता मोनोन या बागोबो विणकर स्त्रीला 1998 मध्ये त्या देशाचा सर्वोच्च लोककला सन्मान मिळाला होता. केळीचे खोड बांधावर कुजताना पाहणाऱ्या आपल्या भागातील माणसाने ते कापड हातात घेऊन पाहावे, आणि भावासाठी घासाघीस न करता एखादा तुकडा विकतही घ्यावा.

केळीबाग (चोपडा)

भाऊ, बागांबद्दल माझी कळकळीची विनंती आहे. दावाओचा परिसर हा निर्यातीच्या कॅव्हेंडिश केळीचे मोठे केंद्र आहे आणि आपली ग्रँड नैन ही त्याच गटातील जात आहे. तेथे टीआर4 हा पनामा मर रोग आहे, आणि त्याची बुरशी मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते. भारतात तो बिहारमध्ये आढळला आहे. तो रावेर-यावलमध्ये आला तर आपल्या पट्ट्याचे काय होईल, याचा विचारही करवत नाही. म्हणून परवानगी मिळाली तरच बाग पाहा, पाय जंतुनाशकात बुडवायला सांगितले तर कंटाळा करू नका, आणि तेथे घातलेल्या चपला तेथेच सोडून या. कंद, पील (खोडाशेजारी फुटणारे रोप), पान, माती यांतले काहीही पिशवीत येता कामा नये. रोपे वा कंद परवान्याशिवाय आणणे बेकायदेशीरही आहे. बागेत पाय न ठेवता पॅकिंगगृहात घडांची हाताळणी पाहिली तरी शिकण्यासारखे भरपूर आहे.

तापीकाठ (रावेर तालुका)

आपणा तिघांचे मनापासून आभार. 'सलामात' हा तेथील आभाराचा शब्द मुलीने आईला शिकवला, तेव्हा ती म्हणाली की हा तर आपला 'सलामत' आहे. चोपड्याच्या भाऊंचा मजकूर मी आमच्या गावातील बागायतदारांच्या गटावर टाकला असून, बागेत जाण्याचा बेत रद्द करून केवळ पॅकिंगगृह पाहण्याचे ठरवले आहे. कानबाईबद्दल काल रात्री धाकट्या भावाशी बोलणे झाले. एकाच आठवड्यात आल्या तर आमच्या वाट्याचा गहू त्याच्याकडे देऊन ठेवायचा आणि रोटांचे तो पाहील. आई मात्र अजून राजी नाही. कानबाई सोडून मी कोठेही येणार नाही, असे ती म्हणते. तारखा जाहीर झाल्यावर पंचांग समोर ठेवून तिच्याशी पुन्हा बोलेन, आणि जे ठरेल ते येथे कळवीन.