काँगोतला करार नक्की कशासाठी, शांततेसाठी की कोल्टनसाठी?

गोदाकाठ: 4 डिसेंबर 2025 ला वॉशिंग्टनमध्ये ट्रम्पसमोर काँगोचे राष्ट्राध्यक्ष त्शिसेकेदी आणि शेजारच्या रवांडाचे राष्ट्राध्यक्ष कागामे यांनी शांतता करारावर सह्या केल्या, त्याच दिवशी काँगो आणि अमेरिकेचा खनिजांचा वेगळा करारही झाला, आणि आठवडा व्हायच्या आत एम23 बंडखोर, ज्यांच्या मागे रवांडा असल्याचं म्हणतात ते, पूर्व काँगोतल्या उविरा शहरात घुसले. ज्यांच्या हातात बंदुका आहेत ते एम23 वाले या करारात नाहीतच, त्यांच्याशी बोलणी कतारमध्ये वेगळी चालू आहेत. मग वॉशिंग्टनमध्ये नक्की काय मिटलं? माझं स्पष्ट मत आहे की खाणी कोणाला मिळणार तेवढंच मिटलं. गोमा आणि बुकावू ही तिथली मोठी शहरं 2025 च्या सुरुवातीलाच एम23 च्या हातात गेली, लाखो लोक घरं सोडून पळाले, त्यांना परत कधी जाता येणार हे कोणी सांगत नाही.

भूगर्भी: अर्धंच पटलं. अमेरिका खनिजांसाठीच आली हे मान्य, पण चीन काय धर्मादाय करायला बसलाय का तिथे? जगातलं 70 टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट काँगोतून निघतं आणि बऱ्याचशा मोठ्या खाणी चिनी कंपन्यांकडे आहेत. टेंके फुंगुरुमे ही मोठी खाण 2016 मध्ये एका अमेरिकन कंपनीनेच चिन्यांना विकली, तेव्हा वॉशिंग्टनला काही पडलेली नव्हती. आता निदान दोन गिऱ्हाईकं आहेत, काँगोला घासाघीस तरी करता येईल. आणि उविराचं म्हणाल तर अमेरिकेने डोळे वटारल्यावरच एम23 ने तिथून माघार जाहीर केली, हे का सोडलंत?

गोदाकाठ: माघार जाहीर केली ती एका शहरातून. रुबायाच्या खाणीचं काय? जगातलं 15 टक्के कोल्टन हे खनिज तिथून येतं असं मानतात, माणसं फावड्याने खणतात, त्यातलं टॅन्टलम आपल्या फोनमध्ये येतं आणि 2024 पासून ती खाण एम23 कडे आहे. यूएनच्या तज्ज्ञांनी लिहिलंय की तिथल्या करातून त्यांना महिन्याला सुमारे 8 लाख डॉलर मिळत होते आणि माल चोरून रवांडात जात होता. रवांडा नाही म्हणतं. युरोपियन युनियनने तर फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच रवांडाशी कच्च्या खनिजांचा सामंजस्य करार केला! दोन गिऱ्हाईकं असली की भाव मिळतो हे बाजारात ठीक आहे, इथे विकणाऱ्याच्या मानेवर सुरी आहे.

सरळसोट: तुम्ही दोघं किन्शासाला, म्हणजे काँगोच्या सरकारला विसरताय. सगळं बाहेरच्यांनीच केलं असं म्हणून तिथल्या सत्ताधाऱ्यांना मोकळं सोडू नका. 2008 मध्ये चीनशी रस्ते-दवाखान्यांच्या बदल्यात तांबं-कोबाल्ट असा करार झाला, खनिज जात राहिलं, रस्ते रखडले, म्हणून 2024 मध्ये तो परत बोलून बांधकामाची रक्कम 7 अब्ज डॉलरवर न्यावी लागली. सोळा वर्षं कोण झोपलं होतं? आणि मनावर घेतलं की जमतं हेही दिसलं, फेब्रुवारी 2025 मध्ये भाव पार पडले होते तेव्हा त्यांनी कोबाल्टची निर्यातच बंद केली, ऑक्टोबरपासून कोटा लावला, भाव दुपटीच्या वर गेले. ना चीनला विचारलं ना अमेरिकेला.

गोदाकाठ: कोटा लावला ते चांगलंच केलं, पण तो चालला कारण कोबाल्टच्या खाणी दक्षिणेला कटांगा भागात आहेत आणि तिथे सरकारचा ताबा आहे. पूर्वेला किवूमध्ये, जिथे एम23 आहे, तुम्ही कोटा लावणार कोणावर? तिथे सरकारच पोचत नाही.

रानपाखरू: किवूत आपलीही माणसं आहेत हो, भारतीय सैनिक कित्येक वर्षं यूएनच्या शांतिसेनेत तिथे आहेत. जुलै 2022 मध्ये बुटेंबोला यूएनविरोधी जमावाच्या हिंसाचारात बीएसएफचे दोन जवान गेले. लोक चिडले होते कारण शांतिसेना असून कत्तली थांबत नव्हत्या. त्यांच्या चिडण्याला खनिजाचं राजकारण म्हणून बाजूला सारू नका, त्यांना रात्री घरात झोपता यायला हवं होतं.

भूगर्भी: म्हणूनच म्हणतोय, अमेरिकेला खाणीत पैसे घालू द्या. पैसे अडकले की रवांडावर दाब ठेवणं त्यांना भाग पडेल.

गोदाकाठ: आणि एम23 नेच खाण सुरळीत चालू ठेवायची हमी दिली तर? तेव्हा दाब कोणावर येईल ते सांगा.