मृणालिनी मुखर्जींनी दोर सोडून ब्राँझ का धरलं?

गाठवाली:
मी डोंबिवलीत मॅक्रमेचे, म्हणजे दोऱ्याला गाठी मारून विणायच्या कलेचे, वर्ग घेते. गेल्या महिन्यात एका प्रदर्शनाला माझं सहा फुटी काम दिलं, तर त्यांनी ते पणत्या आणि लोणच्याच्या बरण्यांशेजारी 'हस्तकला' टेबलावर आडवं टाकलं. टांगायचं असतं हो ते! त्या रागात शिल्पकार मृणालिनी मुखर्जींची कामं पुन्हा बघत बसले. १९४९ साली मुंबईत जन्म, बडोद्यात चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिक्षण. सत्तरच्या दशकापासून हेम्पच्या (भांगेच्या झाडाच्या तंतूंच्या) दोराला हातानं गाठी मारमारून 'यक्षी', 'वनश्री' अशा दांडग्या मूर्ती केल्या. मग नव्वदच्या दशकात सिरॅमिक (भाजलेली माती), २००० नंतर ब्राँझ. त्यांनाही कुणी 'हस्तकला' म्हणून पिडलं असेल का? नाहीतर दोर का सोडावा?

बडोदेवाली:
मान मिळेना म्हणून सोडला, हे पटत नाही. १९९४ मध्ये ऑक्सफर्डच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्यांचं एकल प्रदर्शन भरवलं होतं, तेही दोराच्याच कामांचं. सिरॅमिक त्यानंतरचं, १९९६ मध्ये नेदरलँड्सला जाऊन केलेलं.
दिल्लीच्या एनजीएमएमधलं (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) २०१५ चं मोठं प्रदर्शन मी पाहिलंय. जानेवारीअखेर ते उघडलं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच बाई गेल्या. एका मूर्तीसमोर बराच वेळ चेहरा शोधत होते. सापडला नाही, पण ती मात्र माझ्याकडे बघत होती. घाबरून बाकावर जाऊन बसले, खोटं कशाला सांगू.

ओतारी_पुणे:
ब्राँझ ओतायचं तर आमच्याकडे बहुतेक शिल्पकार आधी मातीत घडवतात, मग साचा, मग मेण. बाई थेट मेणातच घडवायच्या. मेण कोमट आहे तोवर दुमडायचं, चिमटायचं, गार झालं की तुटतं. मग मेणाभोवती साचा घालून तो तापवला की मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत धातू. ओत फसला तर मेणही गेलं आणि कामही. दोरालासुद्धा त्या आधी रेखाटन न करताच हात घालायच्या. त्यांच्या 'पामस्केप' या ब्राँझ शिल्पांमधली पानं बघा, कडा तशाच वळलेल्या, घड्या तशाच पडलेल्या. मला तरी त्यात दोर सुटलेला दिसत नाही.

कोपऱ्यातला:
वडील बिनोदबिहारी चित्रकार, आई लीला शिल्पकार. घरातच सगळं होतं, आपल्याला कुठलं!

गाठवाली:
कोपऱ्यातले, आईवडिलांनी गाठी मारून दिल्या नव्हत्या. सहा फुटांना मला अडीच महिने लागले, अंगठ्याला अजून पट्टी आहे.
ओतारीदादा, गाठी मारलेली सुतळी मेणात बुडवून ओतली तर पीळ उतरेल का?

ओतारी_पुणे:
उतरेल. सुतळी जळून जाते, पण राख आत राहिली तर ओतात भोकं पडतात. बारीक सुतळी घ्या, मेण दाट नको, नाहीतर पीळ बुजतो. आधी वीतभर नमुना करा. आणि ताई, अंगठा बरा होऊन पट्टी निघेपर्यंत गरम मेणात हात घालू नका.