रोज ४० मिनिटं आहेत, विकत काही घ्यायचं नाही. वजन उतरवायला काय करू?

अबोली_४२
नमस्कार मंडळी. वय ४२, उंची १६४ सेंमी, वजन ७८ किलो, काम दिवसभर बसून. पाच आठवडे झाले, आठवड्यातले सहा दिवस सकाळी ४० मिनिटं भराभर चालतेय. काटा जागचा हलत नाही. मध्ये एकदा ७७.२ दिसलं, इतका आनंद झाला की काय सांगू. दोन दिवसांनी ७८.६. त्या दिवशी चालून आल्यावर बूट न काढता तशीच खुर्चीत बसून राहिले.

अटी आधीच सांगते. दिवसाला ४० मिनिटांच्या वर वेळ नाही. घरात आजारी माणूस आहे आणि त्यांचं सगळं मीच बघते. जिम, यंत्र, पावडर यांतलं काही विकत घ्यायचं नाही. चौघांचा स्वयंपाक एकच होतो, माझ्यासाठी वेगळं शिजणार नाही. या चौकटीत ती ४० मिनिटं कशाला देऊ? दुसरा व्यायाम करू, की व्यायाम बाजूला ठेवून खाण्याकडे बघू? स्वतः केलेलं सांगा, कृपया.

मंदार_सायकल
घरात उभी करायची सायकल घ्या, डोळे झाकून घ्या. मी दीड वर्षापूर्वी घेतली, ११ किलो उतरवले. ऊन नाही, पाऊस नाही, कुत्री नाहीत. रोज ४० मिनिटांत पडद्यावर ५०० कॅलरी दिसतात. थोडी चांगली, जड चाकाची घ्या, हलकी घेतलीत तर महिन्याभरात कुरकुरायला लागते.

निशिगंधा
मंदार, त्यांनी यंत्र नको म्हणून स्पष्ट लिहिलंय.
अबोली, चालण्याने काही होत नाही, वजनं उचल. मी तीन वर्षं जिमला जातेय. स्नायू वाढले की शरीराची भट्टी झोपेतसुद्धा पेटलेली राहते. आठवड्यातून चार दिवस, दीड तास दे, सहा महिन्यांत फरक दिसेल. शिकवणारा मात्र नीट निवड. पहिल्या ठिकाणी वर्षभराची फी आधी भरून घेतली आणि नंतर माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, खांदा दुखावला तो वेगळाच.

श्रीकांत_जो
१६ तास उपास, ८ तासांत दोन जेवणं. चार महिन्यांत ९ किलो. यात एक मिनिट जात नाही, उलट वाचतं. बाकी सगळं सोडा.

रानवाट
अबोली, तुझे आकडे घेऊन हिशेब मांडते, कारण तुझं चालणं वाया गेलंय असं मला अजिबात वाटत नाही.

स्त्रियांसाठीचं एक प्रचलित सूत्र असं: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. तुझं उत्तर १४३४ येतं. नुसतं पडून राहिलीस तरी शरीर साधारण एवढ्या कॅलरी वापरतं. बैठं काम आणि सकाळचं चालणं धरून दिवसाचा खर्च १९०० च्या आसपास जाईल. सूत्रच आहे, शे-दोनशेचा फरक पडू शकतो.

आता चालणं. ७८ किलोच्या माणसाने ४० मिनिटं भराभर चालल्यावर, बसून जे खर्च झालं असतं त्याच्या वर साधारण १४० कॅलरी जातात. आठवड्याचे सहा दिवस, पाच आठवडे, म्हणजे ३० दिवस: ४२०० कॅलरी. एक किलो चरबीत साधारण ७७०० असतात. म्हणजे सगळं बिनचूक झालं असतं, खाण्यात एक घासही वाढला नसता, तरी अर्ध्या किलोच्या जरा वर उतरणार होतं. आणि अंगातलं पाणीच एका दिवसात किलोभर इकडचं तिकडे होतं. खारट खाल्लं, पाळी जवळ आली, आदल्या रात्री भात जास्त झाला, की काटा वर. तुझं ७७.२ आणि ७८.६ हा सगळा पाण्याचा खेळ. तो अर्धा किलो गेलाही असेल, या काट्यावर तो कळणारच नाही.

दादा_आखाडा
एवढं गणित कशाला? चालताना अंगात जाड जॅकेट घाला. घाम निथळला पाहिजे. चरबी घामावाटेच वितळून जाते. आम्ही कुस्तीच्या आधी असेच दोन दोन किलो उतरवायचो.

प्रयोगवही
दादा, तुमच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, कुस्तीआधी उतरायचं ते पाणी. वजन झाल्यावर तुम्ही पोटभर पाणी प्यायलात की परत यायचं, आठवा. चरबी बहुतांश श्वासावाटे जाते. रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशेब मांडला होता: १० किलो चरबी जळली की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसातून बाहेर पडते, १.६ किलोचं पाणी होतं. जॅकेटने फक्त चक्कर येईल.

दादा_आखाडा
मग जोरजोरात श्वास घेतला की चरबी जाईल का?

प्रयोगवही
नाही जाणार. आधी स्नायूंनी चरबी जाळायला हवी, तेव्हा तो वायू तयार होतो. नुसता श्वास वाढवला तर भोवळ येते. आणि निशिगंधाताई, भट्टीबद्दल: एक किलो स्नायू आराम करताना दिवसाला साधारण १३ कॅलरी खातो, चरबी चार-साडेचार. दोन किलो चरबीच्या जागी दोन किलो स्नायू आले तरी १५-२० कॅलरींचाच फरक.

निशिगंधा
तुम्ही कागदावरचं सांगताय, मी आरशातलं सांगतेय. माझा घेर १२ सेंमी कमी झाला आणि वजन फक्त ३ किलो. कमी खाताना वजनं उचलली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही जातो, हे तरी मान्य करा.

प्रयोगवही
हे शंभर टक्के मान्य. त्याच्याबरोबर प्रथिनंही पुरेशी हवीत. ती पचवण्यातच त्यांच्या कॅलरींपैकी २० ते ३० टक्के खर्च होतात आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

रसिका_प
सायकलवाल्यांना माझी गोष्ट सांगायलाच हवी. मीही घेतली होती. पडद्यावर ६०० दिसायचे. मनात म्हणायचे, आज सहाशे कमावले, आता बिस्किटं चालतील. तीन महिने एक दिवस न चुकवता सायकल मारली आणि वजन दोन किलोंनी वाढलं. रडले होते त्या दिवशी. नंतर कळलं की हे आकडे फार फुगवलेले असू शकतात. मनगटावरच्या पट्ट्यांचीही तीच तऱ्हा. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१७ मध्ये सात पट्ट्या तपासल्या होत्या. नाडीचे ठोके बहुतेक बरोबर, पण कॅलरींमध्ये सगळ्यात बरी पट्टीसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होती, सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. पडद्यावरचा आकडा बघून खाऊ नकोस, एवढं एकच सांगते.

मंदार_सायकल
माझी सायकल बरोबर दाखवते. नाहीतर ११ किलो कसे गेले असते?

माधवी_स्वयंपाकघर
अबोली, तुला काही विकत घ्यायचं नाही ना, मग तेलाची बाटली काढ. सोमवारी सकाळी तेल जिथपर्यंत आहे तिथे पेनाने रेघ मार, पुढच्या सोमवारी परत मार. मधे कोणाला काही बोलू नकोस, रोजच्यासारखाच स्वयंपाक कर. जेवढं गेलं त्याला चार माणसांनी भाग, मग सातने भाग. टेबलावरचा एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, तुझ्या सकाळच्या अख्ख्या चालण्याच्या जवळपास. मी हे केलं तेव्हा नवऱ्याला आकडा खोटा वाटला, त्याने दुसऱ्या आठवड्यात स्वतः रेघा मारल्या. तळणीचं उरलेलं तेल वेगळं मोजून वजा कर हं, ते पोटात जात नाही.

केतन_२३
वर सगळ्यांनी सांगितलंच आहे. कमी खा, जास्त चाला. साधं आहे.

सुनीता_थायरॉइड
साधं असतं तर धागा निघाला नसता. मी दोन वर्षं कमी खाऊन, चालून थकले. केस गळायचे, सतत थंडी वाजायची, सगळे म्हणायचे आळस आहे. तपासणीत थायरॉइड निघालं. गोळीने वजन काही धाडकन उतरलं नाही, पण चालायला अंगात त्राण आलं. अशी लक्षणं असतील तर आधी रक्त तपासून घे.

श्रीकांत_जो
उपासाचं कोणी बोलतच नाही इथे.

रानवाट
श्रीकांत, तुम्हाला जमलं याचा आनंदच आहे. दोन जेवणांत तुम्ही एकूण कमी खाल्लंत, म्हणून उतरलं. तेच भात बंद करून झालं असतं, तेल कमी करूनही झालं असतं. स्टॅनफर्डमध्येच क्रिस्टोफर गार्डनर यांनी ६०९ लोकांवर वर्षभर प्रयोग केला, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. निम्म्यांनी स्निग्ध कमी केलं, निम्म्यांनी पिष्टमय. सरासरी एका गटाचे ५.३ किलो गेले, दुसऱ्याचे ६, म्हणण्यासारखा फरक नाहीच. प्रत्येक गटात भरपूर उतरलेलेही होते आणि वाढलेलेही. वर्षभर जे निभेल ते धरायचं. आजारी माणसाचं करणाऱ्या बाईने १६ तास उपाशी राहावं असं मला वाटत नाही, तिला दिवसभर उठबस असते.

मीनाक्षी_एम
आणि घाई करू नकोस गं. मी एका केंद्रात दिवसाला ८०० कॅलरींवर राहिले, अडीच महिन्यांत १४ किलो. सगळीकडे कौतुक. मग पित्ताशयात खडे, ऑपरेशन. डॉक्टरांनी सांगितलं, भराभर वजन उतरवणाऱ्यांत हे नेहमी बघतो. वर्षात १४ चे १७ होऊन परत आले.

हर्षद_आकडे
स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्याच. अंदाज कायम चुकतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अशाच लोकांना तपासलं होतं ज्यांचं 'कमी खाऊनही' उतरत नव्हतं. ती माणसं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती आणि हालचाल ५१ टक्के जास्त. प्रामाणिक माणसं होती, नजरेने कळतच नाही. आणि रोज सकाळी स्वतःचं वजन करा, सात दिवसांची सरासरी काढा, पाण्याचा गोंधळ निघून जातो.

रसिका_प
+१, सरासरीच बघ.

निशिगंधा
+१. निदान पाण्याच्या बाटल्या भरून तरी उचल.

अबोली_४२
सगळ्यांचे आभार. लगेच उत्तर दिलं नाही कारण माधवीताईंची रेघ मारून बसले होते. काल आठवडा पूर्ण झाला. या आठवड्यात तळण नव्हतं. तेल गेलं ९०० मिली. चौघांत, सात दिवस: माणशी रोज ३२ मिली, २६० च्या वर कॅलरी. मी दोनदा भागाकार केला. दोन्ही रेघा दिसतायत बाटलीवर, मधली जागा माझ्या वितीच्या जवळपास भरते. आणि मी म्हणत होते की आमच्याकडे तेल कमीच असतं.

काय ठरवलंय ते सांगते, बरेच जण नाराज होतील. चालण्यात काही बदलणार नाही. ती ४० मिनिटं दिवसभरात फक्त माझी असतात, त्यानंतर झोपही बरी लागते, ती मी वजनांना किंवा सायकलला देणार नाही. उपास नाही. अन्न मोजायचा काटा नाही. तेल आठवड्याला ५०० वर आणायचं, घरात कोणाला न सांगता, म्हणजे मला रोज ११५ च्या आसपास कमी. चार चहांत दोन दोन चमचे साखर होती, ती एकेक, त्यात ६० जातात. रात्री भात दुसऱ्यांदा घेते तो अर्धी वाटीच घ्यायचा, शंभर तिथे. चालण्याचे १४० धरून ४०० होतात. कागदावर महिन्याला दीड किलो येतं, मी एकच धरतेय, शरीर हळूहळू खर्च आवरतं म्हणे.

रोज काट्यावर उभी राहणार नाही. हर्षद, तुमची सरासरी बरोबरच असेल, पण तो आकडा माझा दिवस पोखरतो, आणि त्या दिवशी घरातल्या आजारी माणसाशीही मी तुटक बोलले होते. महिन्यातून एकदा, पाळीनंतरच्या आठवड्यात वजन करीन. शिवणाच्या डब्यातला टेप काढलाय, कंबर आज ९६ सेंमी भरली. सुनीताताई, रक्ताची तपासणी या गुरुवारी आहे.

मंदार_सायकल
रोज वजन न करता कळणार कसं तुम्हाला?

अबोली_४२
कपाटात एक निळा कुर्ता आहे, सध्या वरची दोन बटणं लागतात, तिसरं लागत नाही. आणि बाटलीवर रेघ दर सोमवारी मारणारच आहे.